उजनीच्या पाण्यातला सातबारा



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात, की शंभरेक किलोमीटरवर भिगवण येते. हिवाळ्यात तिथे शहरातली माणसे रोहित पक्षी पाहायला जातात. तुम्ही जाल तेव्हा पक्षी जरूर पाहा, पण आधी पहाटे मासळी बाजारात एक चक्कर टाका. उजनीचे पाणी कसे बदलले आहे ते या बाजारात कळते.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. गावे उठली, काळ्या रानावर पाणी चढले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ अजूनही वर येते आणि म्हातारी माणसे बोटाने दाखवतात, "तिथे आमचे घर होते." ज्यांची जमीन गेली त्यांतल्या पुष्कळांनी पुढे हातात जाळे धरले. म्हणून या पाण्यातली मासळी म्हणजे इथल्या घरांची दुसरी शेतीच समजा.

गेल्या थंडीत मी त्या बाजारात उभा होतो. टोपल्यांमागून टोपल्या येत होत्या आणि बहुतेकींत एकच मासा, चिलापी. मरळ, वांब अधूनमधून. एका मावशींच्या टोपलीच्या तळाशी काळपट, खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचे चार मासे पडले होते. मी विचारले, "मावशी, हे काय?"

"ह्यो मासा न्हाय साहेब, काटेरी तार हाय," त्या म्हणाल्या. "जाळ्यात घुसला की जाळं फाडतो. खायला कोन घेत न्हाय. काढताना हात रक्ताळत्यात."

तो होता सकर मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शहरात काचेच्या पेटीत शेवाळ खायला म्हणून बोटाएवढा विकत आणतात. तो हातभर वाढला, पेटीत मावेना, की कोणीतरी दया येऊन नदीत सोडतो. अंगावर हाडांचे चिलखत, त्यामुळे सहसा कोणी त्याच्या वाटेला जात नाही. काठाला बिळे करून अंडी घालतो आणि काठ पोखरतो. आणि ज्या चिलापीवर हा बाजार उभा आहे, ती तरी कुठली? तीही आफ्रिकेची. आपल्या देशात ती १९५२ साली मुद्दाम आणली गेली.

आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या माणसाला या परक्या माशांचे एवढे काय पडले आहे? सांगतो. त्यात माझीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या भागातल्या एका शेतकऱ्याने शेततळे केले. एका विक्रेत्याकडून "देशी मागूर" म्हणून बोटुकली आणली आणि मला बघायला बोलावले. मी मिशा पाहिल्या, बिनखवल्यांचे अंग पाहिले आणि म्हणालो, "झकास आहेत, सोडा." वर्षाच्या आत ते मासे एवढे माजले, की त्यांनी तळ्यातले रोहू-कटला फस्त केले. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. तळे भरून सांडव्यावरून वाहिले आणि मासे ओढ्यात गेले. तो ओढा भीमेला मिळतो.

नंतर एक तरुण संशोधक आला. तळ्यात उरलेल्या माशांच्या पराचे नखाएवढे तुकडे त्याने कापले, स्पिरिटच्या कुपीत घातले आणि घेऊन गेला. उत्तर आले : हा देशी मागूर नव्हे, आफ्रिकी मागूर. ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात आणि ज्याच्या पैदाशीवर आपल्याकडे बंदी आहे, तोच. देशी आणि आफ्रिकी दोघांनाही मिशांच्या चार जोड्या, दोघेही बिनखवल्यांचे. मोठा मासा जाणकार डोक्याच्या हाडावरून ओळखतो. बोटुकली ओळखताना भले भले फसतात. मी फसलो.

त्या कुपीत पाहिले काय, ते मी त्या मुलाला विचारले. त्याने सांगितले ते आपल्या भाषेत सांगतो.

प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाची लांबच लांब पोथी असते. ती चारच अक्षरांत लिहिलेली आहे. त्या पोथीतला सुमारे ६५० अक्षरांचा एक ठरावीक तुकडा असा आहे, की एका जातीच्या माशांत तो जवळजवळ सारखा असतो आणि दुसऱ्या जातीत वेगळा. कॅनडातल्या पॉल हेबर्ट या शास्त्रज्ञाने २००३ साली सुचवले, की हाच तुकडा वाचून प्राण्यांची जात ओळखावी. जसा गट नंबर सांगितला की तलाठी सातबारा काढतो, तसा हा तुकडा वाचला की आधी नोंदवलेल्या जातींशी ताडून पाहता येतो. लखनौला माशांच्या आनुवंशिक संपत्तीसाठी राष्ट्रीय संस्थाच आहे. तिथे आपल्या देशातल्या माशांच्या अशा नोंदी होतात. मासा बोटुकली असो, अंडे असो की शिजायला आणलेला तुकडा असो, सातबारा तोच.

पण या उताऱ्यात एक मेख आहे. हा तुकडा फक्त आईकडून येतो. गाय खिलार आणि वळू दुसऱ्या जातीचा असेल, तर या उताऱ्यात कालवड खिलारच दिसेल. चिलापीत मोझांबिकची आणि नाईलची अशा दोन जातींचा संकर होतो. सकर माशातही जवळच्या जाती एकमेकींत मिसळतात. तिथे बापाकडचीही पाने वाचावी लागतात, तेव्हा संकर उघड होतो.

दुसरी गोष्ट ऐकून तर मी थक्क झालो. मासा पकडावाच लागतो असे नाही! तो पाण्यात बुळबुळीत स्राव सोडतो, विष्ठा टाकतो. त्यातून त्याचा डीएनए पाण्यात उतरतो. लिटर-दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून गाळायचे आणि गाळणीवर काय उरले ते तपासायचे. अमेरिकेत शिकागोच्या कालव्यात असेच केले. आपल्या तळ्यांत आपण सिल्व्हर कार्प पाळतो ना, तो आणि त्याचा भाऊ बिगहेड तिथे उपद्रवी ठरले. मोठ्या सरोवरांत ते शिरू नयेत म्हणून कालव्यात विजेचा अडसर घातला होता. २००९ साली अडसराच्या पलीकडच्या पाण्यात त्यांचा डीएनए सापडला. जून २०१० मध्ये पलीकडच्या कॅल्युमेट सरोवरात एक जिवंत बिगहेड जाळ्यात आलाच. तरी सावध राहावे लागते. पाण्यात सापडलेला डीएनए मासा जिवंत आहे की मेलेला, किती आहेत, हे नेमके सांगत नाही. तो पक्ष्याच्या विष्ठेतूनही येऊ शकतो. आणि सापडला नाही म्हणजे मासा नाहीच, असेही नाही.

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. पुढच्या वर्षी खालच्या अंगाला कोळ्यांच्या जाळ्यात तोच मागूर येऊ लागला. मी त्या मुलाला विचारले, "हे आमच्याच तळ्यातले का रे?"

त्याने तिथले मासे तपासले. शेजारच्या आणखी दोन तळ्यांतलेही तपासले. सगळ्यांत आईकडचा उतारा एकच निघाला. तो म्हणाला, "काका, विक्रीची पैदास थोड्याच माद्यांपासून होते, म्हणून सगळीकडे एकच छाप. बीज एकाच वंशाचे दिसते एवढे सांगता येईल. कोणत्या तळ्यातून सुटले ते यावरून सांगता येणार नाही."

म्हणजे माझ्यावर गुन्हा शाबीत झाला नाही. पण मी सुटलो असेही मला वाटत नाही. "सोडा" म्हणणारे तोंड माझेच होते. त्या दिवसापासून मी बोटुकली नुसती पाहून दाखला देणे बंद केले.

तुमच्या घरी शेततळे असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. बियाण्याची पिशवी जशी पावतीशिवाय घेत नाही, तसे मत्स्यबीजही पावतीशिवाय, अनोळखी टेम्पोवाल्याकडून घेऊ नका. सांडव्याला आणि पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि पावसाळ्याआधी ती तपासा. पोराबाळांनी पेटीत पाळलेला मासा ओढ्यात, विहिरीत सोडू देऊ नका. अनोळखी मासा जाळ्यात आला तर पुन्हा पाण्यात टाकू नका. त्याचा फोटो काढा, पराचा तुकडा स्पिरिटमध्ये ठेवा, कुठे आणि कधी सापडला ते चिठ्ठीवर लिहा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. त्या नखाएवढ्या तुकड्यावरून पुष्कळ कळते.

बाजारातून निघताना मावशींनी ते चार सकर मासे बाजूला काढले. मी विचारले, "परत पाण्यात टाकता का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या, "पुरनार. माझं जाळं आठशेचं हाय, साहेब."

मावशींना ना डीएनए ठाऊक, ना उतारा. पण करायचे ते त्या करीत होत्या. तुम्ही भिगवणला गेलात, तर त्यांच्याकडची चिलापी घ्या. ताजी असते.