नाव खोडलं तरी

"मॅडम, नावं काढून टाकलीत. आता अपलोड करू ना फाइल?" पीएच.डी.ची विद्यार्थिनी घाईत होती. विद्यापीठात संशोधनाचा डेटा सांभाळणं हे माझं काम. एक्सेलची फाइल उघडली. नावांचा रकाना खरंच रिकामा होता. शेजारी मात्र पाडा, वय, जमात, काम, सगळं जागच्या जागी. एका ओळीत होतं: कातकरी, वय ४१, विधवा, अंगणवाडी मदतनीस. आणि पुढे, शाळा कशी सुटली ते आणि दिराच्या मारहाणीबद्दल तिने सांगितलेलं.

तीसेक उंबऱ्यांच्या पाड्यात अंगणवाडी मदतनीस एकच असते. ही ओळ ओळखायला दिराला नाव कशाला लागतंय?

नाव खोडलं की माणूस लपतो, हा समज १९९०च्या दशकातच खोटा ठरला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला, आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या.

मला त्याहून अस्वस्थ करते ती हवासुपाई लोकांची हकीकत. ग्रँड कॅन्यनमधली ही छोटी आदिवासी जमात. मधुमेहाने घरंच्या घरं पोखरलेली. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना त्यांनी विश्वासाने रक्त दिलं. २००३ मध्ये जमातीतल्या कार्लेटा टिलूसी त्याच विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला बसल्या होत्या. तिथे त्यांना कळलं की आपल्या लोकांचं रक्त भलत्याच अभ्यासाला वापरलंय. स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले हेसुद्धा त्यातून तपासलं गेलं होतं. आपण याच दरीत जन्मलो अशी त्यांची श्रद्धा. तिच्याविरुद्ध त्यांच्याच रक्ताचा पुरावा उभा केला, तोही न विचारता. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं.

आपल्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे: त्या डेटावरून त्या व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. काहींना यात मोकळं रान दिसतं. मला नाही दिसत. संमतीपत्रावर अंगठा उठवून घेतला म्हणजे त्या बाईने स्वतःचं आयुष्य आमच्या नावावर करून दिलं, असं होत नाही.

आम्ही दोघी बसलो. पाड्याऐवजी जिल्हा, ४१ऐवजी 'चाळीस ते पन्नास', कामाचा रकाना गाळला. नावं आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या संगणकावर, कुलूपबंद. व्हॉट्सॲपवरून मार्गदर्शकांना पाठवलेली मुलाखतींची रेकॉर्डिंग दोन्ही फोनमधून पुसायला लावली. तरी ती मारहाण उरलीच. मी म्हटलं, "जाऊन विचार तिला."

विद्यार्थिनी एसटीने गेली, सगळं वाचून दाखवलं. बाई म्हणाली, "शाळा सुटली ते राहू द्या, ताई. दिराचं तेवढं काढा."

ते काढूनच फाइल अपलोड केली.