नाच थांबतो तेव्हा

देवासच्या थोरल्या पातीचे महाराज, तिसरे तुकोजीराव पवार, १९२१ च्या गोकुळाष्टमीत कृष्णापुढे नाचले. गळ्यात उपरण्याने अडकवलेलं तंतुवाद्य, ते छेडत जाजमावर पुढे-मागे पडणारी पावलं आणि चेहऱ्यावर निखळ आनंद. हे सारं कळतं ते फोटोतून नव्हे, ई. एम. फॉर्स्टरच्या लेखणीतून. हा इंग्रज कादंबरीकार त्या वर्षी महाराजांचा खासगी चिटणीस होता. देवासहून घरी धाडलेली पत्रं त्याने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली. खुद्द फॉर्स्टरचा मात्र मराठी पागोट्यातला फोटो आहे. साहेब फोटोत आणि नाचणारा राजा शब्दांत, अशी ही वाटणी. अन्यायाची खरी, पण कॅमेऱ्याच्या तेव्हाच्या स्वभावाला धरूनच.

हा स्वभाव त्याआधीच्या फोटोंतही दिसतो. लाला दीनदयाळ इंदूरला सरकारी नोकरीत होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे मध्य हिंदुस्थानातले संस्थानिक काचेवर उतरवले. त्या जमान्यातल्या फोटोंत नर्तकीही भेटतात, ओढणीचं टोक धरून, एक पाय पुढे टाकून उभ्या. पवित्रा नाचाचा असतो, नाच तेवढा नसतो.

बॅलेवाल्यांची पंचाईत याहून मोठी. उडी मारली की हवेतच थांबतो, अशी ज्याची ख्याती, त्या निजिन्स्कीच्या नाचाची एकही फिल्म नाही. उरले ते फोटो. बॅरन अडॉल्फ द मायरने काढलेल्या त्याच्या ‘फॉन’ बॅलेच्या फोटोंचा अल्बम १९१४ मध्ये पॅरिसला निघाला. तळवे, मनगटं, मानेचा वळसा असं काय काय त्यात निरखत बसावं. मुळात तो बॅलेच ग्रीक भित्तिशिल्पांच्या धर्तीवर बसवलेला, त्यामुळे कॅमेऱ्याचं काम निम्मं हलकं झालं असणार.

उडी टिपायची तर हिशेब वेगळा. वर चढणारं शरीर माथ्यावर पोचलं की निमिषभर त्याचा वेग सरतो, मग ते खाली यायला लागतं. शटर तिथे पडायला हवं. पण तो क्षण डोळ्याला दिसून बोट दाबलं जाईपर्यंत नर्तकी उतरणीला लागलेली असते. तेव्हा बोट हलायला हवं ते संगीत ऐकून, किंचित आधी. कथकात ही सोय जास्त. तिहाई सुरू झाली की सम कुठे येणार हे ठेका जाणणाऱ्याला कळतंच, आणि समेवर नर्तकी थबकते. ताल न कळणाऱ्याला महागडी लेन्स काय कामाची?

ही थबकण्याची गोडी माळव्याला जुनीच ठाऊक आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदिशेचा राजा मालविकेला आधी चित्रात पाहतो. चित्रकाराने रूप वाढवून दाखवलं असेल, अशी त्याला शंका. ती समोर येते तेव्हा उलटंच वाटतं, चित्रकाराचंच लक्ष ढळलं असावं! मग नाच संपवून ती उभी राहते: डावा हात कमरेवर, कंकण मनगटाशी निश्चल, दुसरा हात सैल सोडलेला, नजर खाली, पायाचा अंगठा जमिनीवरच्या फुलाशी चाळा करतोय. राजाला नाचापेक्षा हे उभं राहणंच अधिक भावतं. पोर्ट्रेट काढणाऱ्याने आणखी काय शिकायचं?

याच नाटकावर मेनका यांनी, म्हणजे लीला सोखी यांनी, बॅले बसवला. कथकला बॅलेच्या घाटात आणण्याचा त्यांचा ध्यास होता. १९३६ मध्ये त्यांचा संच बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळच्या नृत्यस्पर्धेत गौरवला गेला. पुढे खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. त्यांच्याबरोबर लहानपणीच युरोप फिरून आलेल्या दमयंती जोशी पुढे कथकमधलं मोठं नाव झाल्या.

चौकटीतून बघण्याचं माळव्यातल्याच धारचं उदाहरण तर आणखी मजेचं. राजगुरू मदनाने तेराव्या शतकात, परमार राजा अर्जुनवर्म्याच्या काळात लिहिलेलं ‘पारिजातमंजरी’ हे नाटक इथे शिळेवर कोरलेलं सापडलं, ते १९०३ मध्ये. चारांपैकी दोनच अंक हाती लागले. दुसऱ्या अंकात राजा राणीशेजारी बसून झाडाआडच्या नायिकेकडे बघतो, तेही थेट नव्हे, राणीच्या कानातल्या तेजस्वी ताटंकात पडलेल्या तिच्या प्रतिबिंबात. एवढ्याशा चौकटीत अख्खी बाई मावते, आणि बघणारा पकडला जायची भीती असते ती वेगळीच.

तरी फोटो निवडताना शेवटचा शब्द नर्तकीचा. संपादकाला प्रकाश आवडतो, चेहऱ्यावरचा भाव आवडतो. ती मात्र आधी पाय बघते. पंजा पुरता ताणलेला नाही, गुडघा जरा वाकलाय, कोपर पडलंय, एवढ्यावर मुखपृष्ठाचा फोटो बाद होतो. फोटोग्राफर कुरकुरतो आणि पुढची तालीम कधी आहे ते विचारतो.