डूलॉखच्या वाटेने

आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवे शहरातून कॉनेमारा पाहायला दिवसभराच्या बसगाड्या सुटतात. अम्मीला धरून आम्ही चौघे अशाच एका छोट्या गाडीत बसलो. शहर सुटले की दोन्ही बाजूंना दलदलीची काळी जमीन लागते. ती माती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. तिला टर्फ म्हणतात. वाळत घातलेले ढीग पाहून अम्मी म्हणाली, "या तर गोवऱ्याच!"

दुपारी लीनान गावी थांबलो. इथे मासळीचे सूपही विचारून घ्यावे, त्यात पुष्कळदा डुकराचे मांस असते. आम्ही उकडलेले बटाटे आणि सोडा ब्रेडवर भागवले, गाडीमागच्या गवतावर जोहर अदा केली.

समोर किलरीची खाडी होती. पलीकडच्या डोंगरउतारावर गवताखाली उभ्या रेघा दिसत होत्या. चालकाने सांगितले, ते बटाट्याचे जुने वाफे. १८४५ मध्ये पिकावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात देशातून धान्य आणि गुरे इंग्लंडला जातच होती. ताटातल्या बटाट्यांची आठवण झाली आणि कुणी काही बोलेना.

मग डूलॉखचे खोरे. उघडे डोंगर, काळे तळे, वस्ती जवळपास नाही. मार्च १८४९ मध्ये लुईसबर्गच्या भुकेल्यांना मदतीसाठी डेल्फीला, म्हणजे एकोणीसेक किलोमीटरवर, अधिकाऱ्यांपुढे हजर व्हायला सांगितले होते. तिथून ते रिकाम्या हाताने परतले आणि अनेकांनी याच वाटेवर प्राण सोडले. १८७६-७८ च्या दुष्काळात आपल्या दख्खनमध्ये दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी कापणारे सरकारही इंग्रजांचेच.

रस्त्याकडेच्या स्मारकावर गांधीजींचे वचन कोरले आहे: दुसऱ्याला अपमानित करून माणसाला स्वतःचा मान कसा वाटतो, असा त्याचा आशय. मायदेशापासून इतक्या दूर ते वाचताना आम्ही बराच वेळ तिथेच उभे राहिलो. मदत करणारेही होते, हे सांगायला हवे. १८४७ मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी एक हजार पौंड पाठवले. स्वतः देशोधडीला लागलेल्या अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींनीही वर्गणी काढली.

अम्मीने हात उचलून दुआ मागितली. शेजारच्या आयरिश आजीबाई टोपी काढून थांबल्या. दरवर्षी लोक ही वाट पायी चालतात, असे त्या म्हणाल्या. मागे आर्चबिशप डेस्मंड टुटूही चालले होते. एवढ्यात पाऊस आला आणि चालकाने सगळ्यांना गाडीत बोलावले.