९७.२ सीसीचं घर

हिरोच्या स्प्लेंडरचं नवं व्हेरियंट आलं की तालुक्याच्या शोरूममध्ये बाप-लेक बरोबर जातात, पण बघतात वेगवेगळं. लेक मीटरकडे बघतो, बाप खाली वाकून इंजिनाकडे. १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरला २०२४ मध्ये तीस वर्षं झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ‘स्प्लेंडर प्लस एक्सटेक २.०’ बाजारात आली, तेव्हाही हेच झालं. एलईडीचा हेडलाइट, पूर्ण डिजिटल मीटर, फोन जोडायला ब्लूटूथ, चार्जिंगसाठी यूएसबी आणि चालता चालता ॲव्हरेज दाखवणारा आकडा. लेक खूश. बापानं पाहिलं ते एवढंच, की सिलेंडर आडवाच आहे, इंजिन ९७.२ सीसीचंच आहे, गिअर चार आहेत, ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमचे आहेत आणि उजव्या बाजूला किक अजून शाबूत आहे. मग तो म्हणतो, “घ्यायला हरकत नाही.”

तो बाप म्हणजे आज चाळिशीच्या आसपास असलेले आम्ही. याच गाडीच्या टाकीवर बसून शाळेत गेलेली, मधल्या जागेत दबून लग्नकार्यं गाठलेली, आणि एके दिवशी तिची किल्ली हातात आल्यावर मोठी झालेली पिढी.

तिच्याआधी आमच्या घरांत सायकल होती, आणि बऱ्याच घरांत तीही हिरोचीच. लुधियानाच्या मुंजाल बंधूंनी १९५६ मध्ये सायकली बनवायला सुरुवात केली. त्याच घराण्यानं १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी हातमिळवणी केली आणि १९८५ मध्ये हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यातून सीडी १०० बाहेर पडली. त्या काळात गावात कुणाची गाडी कुठली हे ठरलेलं होतं. दूधवाल्याची राजदूत, बागायतदाराची बुलेट, तरुण पोरांच्या स्वप्नातली आरएक्स १००, मास्तरांची लुना. बजाजच्या स्कूटरला तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. यातल्या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायला लागे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघे. सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. ऑइल इंजिनात वेगळं, पेट्रोल टाकीत वेगळं. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिची जाहिरात सांगायची. पगाराच्या शेवटच्या आठवड्यात पेट्रोलचा हिशोब करणाऱ्या घरांना यापेक्षा मोठा दिलासा दुसरा नव्हता.

मग १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. तेच इंजिन, पण चौकोनी हेडलाइट, त्याभोवती सुबक घुमटी, काळ्या टाकीवर रंगीत पट्टे. नोकरदार माणूस कचेरीत घेऊन जाईल, शेतकरी बांधावर घेऊन जाईल आणि दोघांनाही ती शोभून दिसेल, अशी ती पहिलीच मोटारसायकल असावी. आमच्याकडे ती आली बहुतेक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. मास्तरांच्या घरी पाचव्या वेतन आयोगाच्या फरकातून, शेतकऱ्याच्या घरी उसाच्या बिलातून, बाकीच्यांकडे पतसंस्थेच्या कर्जातून. जामीन राहायला मामा नाहीतर शेजारचे काका. दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त. हेडलाइटला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आई औक्षण करायची, आणि पहिली फेरी ग्रामदैवताला. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत चाळीसच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही, असा बाबांचा दंडक असे आणि तो घरातलं शेंबडं पोरही पाळायला लावी.

त्या गाडीवर बसण्याचा एक क्रम होता. सगळ्यांत धाकटं टाकीवर. त्याचे हात हँडलच्या मधल्या दांडीला, नजर थेट मीटरच्या काचेत, तोंडावर वारा आणि बोटांत हॉर्न वाजवण्याची ओढ. मग बाबा. मग थोरलं, बाबांच्या शर्टाला धरून, ज्याला प्रवासभर फक्त पाठ दिसायची. सगळ्यांत मागे आई, एका अंगावर, पाय साडीगार्डच्या पायटीवर, मांडीवर पिशवी, एक हात मागच्या दांडीला. निघताना ती एकदाच म्हणे, “अहो, पदर बघा हो चाकात जातोय का.” मोटार वाहन नियमांमध्ये मागे बसणाऱ्याला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकणारं आच्छादन सक्तीचं आहे. ते साडीगार्ड म्हणजे देशभरच्या बायका दुचाकीवर कशा बसतात हे कायद्यानं ओळखल्याची खूण. चौघांनी बसणं मात्र कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं, आणि हेल्मेट तर घरात एकही नसे. आज टाकीवर पोर बसवून जाणारा कुणी दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की तीच एक वाट उरायची.

गाडी घरात आली तशी तिची काळजी घेणं हेही घरकाम झालं आणि ते सगळ्यांत वाटलं गेलं. रविवारी सकाळी अंगणात मेन स्टँडवर गाडी लावायची. मागचं चाक हातानं फिरवत चेनला ऑइल सोडायचं. स्पोकमधला चिखल जुन्या टूथब्रशनं काढायचा. थंडीत सकाळी चोक द्यायचा, दोन-तीन किका मारायच्या आणि इंजिन गरम होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. उतार लागला किंवा रेल्वेचं फाटक पडलं की बाबा गाडी बंद करत. रात्री गाडीचा वेग कमी झाला की हेडलाइट मंद व्हायचा, म्हणून खड्डा दिसायला क्लच दाबून रेस करावी लागे.

आणि रिझर्व्ह. टाकीच्या खाली डाव्या बाजूला पेट्रोलचा कॉक. चालत्या गाडीनं अचानक गचके खाल्ले की बाबांचा डावा हात न बघता खाली जाई, कॉक फिरवी आणि दोन-चार क्षणांत इंजिन पुन्हा सुरळीत चाले. “रिझर्व्हला लागली,” असं ते मोठ्यानं म्हणत, कारण ही माहिती सगळ्या घराची होती. उद्या दादा गाडी नेणार असेल तर त्यालाही ती हवी. पेट्रोल टाकल्यावर कॉक परत ऑनला आणायचा, हा नियम. कुणी विसरलं की पुढच्या वेळी गाडी कसलीही सूचना न देता भर माळावर बंद. मग तिला डाव्या अंगावर पार आडवी करायची, म्हणजे टाकीच्या उजव्या भागात अडकलेलं उरलंसुरलं पेट्रोल कॉककडे वाहतं, आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची. एवढ्यावर पंप गाठलेली माणसं आमच्या पिढीत घरोघर आहेत.

संध्याकाळी गल्लीत पाच स्प्लेंडर यायच्या. इंजिन सगळ्यांचं एकच, तरी आपली कुठली हे स्वयंपाकघरातल्या आईला बरोबर कळे. चेनकव्हरचा एक विशिष्ट खुळखुळाट, वळणावर तिसऱ्याचा दुसरा पाडण्याची बाबांची सवय. आवाज आला की ती तवा ठेवी.

या गाडीचं पुढे काय होत गेलं ते पाहिलं, तर प्रत्येक नव्या व्हेरियंटनं आमच्या घरातलं एकेक काम स्वतःकडे घेतलं, असं दिसतं. २०१४ मध्ये आय-स्मार्ट आली. सिग्नलला थांबून न्यूट्रल केली की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू. फाटकावर गाडी बंद करण्याचं बाबांचं काम गेलं. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहील असा नियम आला. त्याआधी दिवसा कुणाचा लाइट चालू राहिला, तर समोरून येणारा अनोळखी माणूस हात उंचावून पाची बोटं उघडझाप करायचा. आपण मान डोलवायची, बटण बंद करायचं आणि पुढे जायचं. त्याचं गाव माहीत नाही, नाव माहीत नाही, पण तुमची बॅटरी उतरू नये म्हणून त्यानं हँडलवरचा हात सोडला. नियम आल्यावर काही महिने लोक खुणा करत राहिले, नव्या गाड्यांवरची पोरं “बंद होत नाही ओ काका” म्हणत राहिली. मग ती बोटं थांबली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. चोक गेला, रिझर्व्हचा कॉक गेला, थंडीतल्या किका गेल्या. गल्लीतल्या मेस्त्रीकाकांचं कानावरचं आणि स्क्रू-ड्रायव्हरवरचं कसब निम्मं रिकामं झालं. २०२२ मध्ये एक्सटेक आली आणि साइड स्टँड खाली असेल तर इंजिन चालू राहीना. म्हणजे मागून पळत येऊन “ओ दादा, स्टँड!” असं ओरडण्याचंही कारण संपलं.

यात दुखवटा पाळण्यासारखं काही नाही. साइड स्टँड वर घ्यायचा राहिल्यानं वळणावर पडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. दिवसाउजेडी चालू असलेला लाइट समोरच्या ट्रकवाल्याला दुरून दिसतो. इंजेक्शनमुळे धूर कमी झाला आणि त्याच गल्लीत आमची मुलं श्वास घेतात. मशीन हे सगळं आमच्यापेक्षा चोख करतं. पण ते सगळं आम्ही करायचो तेव्हा घरात एकमेकांना काहीतरी सांगावं लागे. रिझर्व्हला लागलीय. मागच्या टायरला हवा कमी आहे. आज घाटातून जाऊ नका, पाऊस आहे. गाडी एकट्या बाबांची नव्हती, आणि ती नीट राहावी म्हणून सगळं घर तिच्याबद्दल बोलत असे. आम्हाला आठवतं आणि हवंहवंसं वाटतं ते हे बोलणं.

एक वेळ अशीही आली की गाडीवरचं कंपनीचं नावच बदलणार होतं. २०१० च्या अखेरीस हिरो आणि होंडा वेगळे व्हायचं ठरलं आणि २०११ मध्ये कंपनी हिरो मोटोकॉर्प झाली. चहाच्या टपरीवर त्या दिवसांत एकच विषय, “आता इंजिन तसंच राहील का?” होंडा लिहिलेली जुनी गाडी विकायची नाही, असा कित्येक घरांनी निश्चय केला. त्या गाड्या अजून आहेत. २०२५ मध्ये महाराष्ट्रात जुन्या वाहनांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची मोहीम निघाली, तेव्हा घरोघरच्या कपाटांतून जुनी आरसी बुकं बाहेर आली. त्यावर बाबांचं नाव, तेव्हाचा पत्ता. कित्येकांचे बाबा आज नाहीत. नाव बदलायला हवं होतं, पण ते कागद उघडायचं धाडस इतकी वर्षं कुणाला झालं नव्हतं. प्लेटच्या निमित्तानं भावंडं एकत्र बसली, गाडी कुणाच्या नावावर करायची ते ठरवलं, आणि त्या बैठकीत बाबांबद्दल जेवढं बोलणं झालं तेवढं वर्षश्राद्धालाही झालं नव्हतं.

या गाडीनं आम्हाला फार लांब कधी नेलं नाही. तिनं घराभोवतीचं तीस-चाळीस किलोमीटरचं वर्तुळ आमच्या हाती दिलं. ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती, बारावीचं परीक्षा केंद्र, आईचं माहेर, बहिणीचं सासर. एसटीच्या वेळापत्रकावर चालणारं आयुष्य तिच्यामुळे स्वतःच्या घड्याळावर चाललं. आज तीच गाडी ऑनलाइन मागवलेलं जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या बुडाखाली आहे आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या पेठांत राहणाऱ्या गावाकडच्या मुलांकडेही आहे. त्यांच्या घरांना तिची किंमत अजून जड जाते. एक्सटेक २.० ची दिल्लीतली शोरूम किंमत आली तीच ८२,९११ रुपये, पासिंग आणि विमा वेगळा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो या घरांना खरा दिलासा.

त्या वर्तुळात एका माणसाला मात्र नेहमी मागेच बसावं लागलं. हप्त्याचे पैसे डब्यात जपून ठेवले ते आईनं, पेट्रोलला कमी पडले तर काढून दिले ते तिनं, आवाजावरून गाडी ओळखली ती तिनं. तिच्या हाती किल्ली कुणी दिली नाही. ताईला सायकल मिळाली, फार तर पुढे स्कूटी, पण स्प्लेंडर दादाचीच राहिली. जिच्यावर सगळं घर विसंबलं ती गाडी निम्म्या घराला चालवताच आली नाही, ही त्या सुंदर दिवसांतली उणीव आहे आणि ती भरून काढणं आमच्या हातात आहे.

म्हणून नवं व्हेरियंट जरूर घरी आणावं. हार घालावा, लिंबू ठेवावं, पहिली फेरी देवाला न्यावी. चोक, कॉक, लाइट, स्टँड यांची चिंता आता गाडी वाहते आहे, तर आपली मोकळी झालेली चिंता माणसांसाठी खर्च करावी. गाडीबरोबर हेल्मेट दोन घ्यावीत, मागच्याचंही तितकंच चांगलं. टाकीवर पोर बसवू नये. लायसन्स घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं काढावं, मुलीचं आधी, आणि पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत चाळीसच्या आत गाडी कशी चालवायची ते तिला आपण स्वतः मागे बसून शिकवावं.