दोन रेघांमधला राजूर घाट

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणारा तक्ता, मी परीक्षेत येतो म्हणून पाठ केला होता. खाली तास, बाजूला गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते. चार सेंटिमीटरपासून तिरकी वर चढणारी अलर्ट लाइन आणि तिच्या उजवीकडे, चार तासांवर, अ‍ॅक्शन लाइन. बाईचा आलेख पहिली रेघ ओलांडून गेला तर सावध व्हायचं, दुसरीला टेकला तर काहीतरी करायचं. हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, असा प्रश्न मेडिकल कॉलेजात पडतच नाही. ऑपरेशन थिएटर त्याच मजल्यावर असतं.

मग बाँडची पोस्टिंग मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेच्या सरकारी दवाखान्यात मिळाली.

मी तोवर ‘ओबीजी, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र, करणार’ असं सगळ्यांना सांगत सुटलो होतो. कारण एवढंच की सिझेरियन पाहिलं होतं आणि पोट उघडल्यापासून काही मिनिटांत रडणारं बाळ हातात येतं, याचा मला भलताच रुबाब वाटायचा. इथे कोणी काही कापत नव्हतं. कळा देणारी बाई टेबलावर, तिच्याशी बोलणारी, तिला दम देणारी, पाणी पाजणारी सिस्टर, आणि कोपऱ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला मी. बाई मला पाहून पदर तोंडावर ओढायची. “बाई डाक्टर नाही का?” असं सोबतची म्हातारी सिस्टरला विचारायची, मला नाही. मी तिथे नेमका कशासाठी आहे, हे मलाही सांगता आलं नसतं.

“सर, कळा मोजा,” सिस्टर म्हणाल्या. म्हणजे पोटावर तळवा ठेवून दहा मिनिटं घड्याळ बघायचं. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली. वीस सेकंदांच्या आतली असेल तर चौकोनात ठिपके, चाळिसापर्यंत तिरक्या रेघा, त्याहून लांब असेल तर चौकोन पूर्ण काळा. सुरुवातीला मी बाईच्या चेहऱ्याकडे बघून मोजत होतो. पिशवी आधी तळव्याखाली घट्ट होते, वेदना चेहऱ्यावर नंतर येते, हे त्या खोलीत समजलं. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, दर चार तासांनी आतून तपासणी. बाकी वेळ बसायचं. बसणं हेही काम असू शकतं, ही गोष्ट पचायला मला फार जड गेली.

एका संध्याकाळी एक पहिलटकरीण आली. सहा वाजता पाच सेंटिमीटर. दहा वाजता सहा. ठोके एकशे चाळीस, पाणी स्वच्छ, बीपी ठीक. अलर्ट लाइन मागे पडली होती, अ‍ॅक्शन लाइनला तासभर उरला होता. मला थांबावंसं वाटत होतं. सिस्टर म्हणाल्या, “पाठवू या. मध्ये घाट आहे.”

धामणगावहून मोताळा, मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाणा. गाडीला फोन केला आणि त्या रात्री मी तो कागद पहिल्यांदा नीट पाहिला. या दोन रेघा १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल यांनी आखल्या, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आताच्या झिम्बाब्वेत. लांबच्या दवाखान्यांत सुईणीच बाळंतपणं करत. त्यांनी अडू पाहणारी बाई वेळेवर ओळखावी आणि मोठ्या रुग्णालयात पोचवावी, हा खटाटोप होता. दोन रेघांमधले चार तास हे पोटातल्या बाळाचे नव्हेतच, ते रस्त्याचे आहेत. वर्गात हे कुणी सांगितलं असेलही. त्या वर्गात घाट नव्हता, त्यामुळे ते माझ्या डोक्यात शिरलं नसावं.

ती पहिलटकरीण बुलढाण्याला पोचली आणि पहाटे साधी बाळंत झाली. तिची सासू नातवाला डोस द्यायला घेऊन आली ती हिशेब मागतच. “डाक्टर सायेब, तिथं काईच केलं नाई. मंग इथंच काऊन नाई झाली? गाडीत पोरगी किती वरडली!”

मावशींची बाजू अगदीच लंगडी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नवा तक्ता काढला आणि त्यात या दोन्ही तिरक्या रेघा काढून टाकल्या. तासाला एक सेंटिमीटर या वेगाने पुष्कळ बायका जात नाहीत आणि तरी नीट बाळंत होतात, असं दिसलं होतं. नव्या हिशेबात पाच सेंटिमीटरवर सहा तासांपर्यंत वाट पाहता येते. म्हणजे त्या कागदाने आमची पहिलटकरीण धामणगावातच राहिली असती. पण बाई अडलीच तर पुढे किती किलोमीटर जायचं आहे, याचा रकाना त्या कागदात मला सापडला नाही. वेळेवर पाठवलेली बाई सुखरूप मोकळी झाली की पाठवणं फुकटच गेलं असं दिसतं, याला इलाज नाही. मी मावशींना हे काही सांगितलं नाही. बाळाचं वजन चांगलं वाढलंय, तेवढं सांगितलं.

दरम्यान ओपीडीत वेगळंच काही चाललेलं असतं. माझ्यासमोर बसलेली बाई कंबर दुखते म्हणते, गोळ्या घेते आणि दाराबाहेर आशाताईला सांगते की महिनोन्‌महिने अंगावरून जातंय. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. मी त्या आकड्यांकडे पूर्वी परीक्षार्थीच्या नजरेने पाहिलं होतं. आता आशाताईला आधी आत बोलावतो, मग बाईला. थोडं जास्त कळतं. पुरुष डॉक्टरला यापुढे किती कळेल, शंकाच आहे.

एमएसला पहिली पसंती तरीही ओबीजीलाच देणार आहे. बाबा म्हणतात रेडिओलॉजी घे, रात्रीची झोप मिळेल. कॉलेज कुठलं निवडावं म्हणून सीनियरांना फोन करतोय. सिझेरियन सगळीकडेच शिकवतात, पण थांबायला आणि वेळेवर पाठवायला कुठे शिकवतात, असं विचारलं की ते गोंधळतात. एकाने सांगितलं, नाइट ड्युटीला लेबर रूम सोडू नकोस. दुसरा म्हणाला, बॅचमध्ये बहुतेक मुलीच असतील, आधी त्याची तयारी कर.