कान हाही एक गेज

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचे काम थोडक्यात सांगून संपते. आलेला संकेत मोठा करायचा, हेडफोनला लागेल तेवढा करंट पुरवायचा आणि या व्यवहारात पदरचे काही मिसळायचे नाही. पहिली दोन कामे आज अगदी स्वस्तातला अ‍ॅम्पही करतो. तिसरे त्याला कितपत जमले यावर वाद होतात आणि ते मिटवायच्या दोन रीती रूढ आहेत. एका पंथाचे लोक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन झाकण उघडतात. ट्रान्सफॉर्मर कुठला, कपॅसिटर केवढे, सोल्डरिंग कसे, हे पाहून ते निकाल देतात. दुसऱ्या पंथाचे लोक ओळखीचे गाणे लावतात आणि तबल्याची चाट मोकळी वाजली की दबली, यावर अ‍ॅम्प पास किंवा नापास करतात. पुण्याच्या कारखानी पट्ट्यात, भोसरी, पिंपरी, आकुर्डी आणि चाकणच्या शेडमध्ये, हाच प्रश्न दर शिफ्टला निराळ्या मालाबद्दल पडतो आणि तिथे निकालाखाली सही करावी लागते.

झाकण उघडल्यावर दिसते ते साधारण असे. २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरते, डायोडच्या ब्रिजमधून एकाच दिशेने वाहू लागते. मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तिच्यातली १०० हर्ट्झची लहर गिळतात आणि उरलेली रेग्युलेटर सपाट करतो. पुढे आवाजाचे बटण आणि त्यामागे बहुधा आठ पायांची एक काळी चिप. अशीच एक चिप म्हणजे ५५३२ हा ऑप-अ‍ॅम्प, १९७९ सालचा. ध्वनिमुद्रणाच्या कित्येक मिक्सरमध्ये तो बसलेला आहे, आणि मांडणी नीट असेल तर त्याचा दोष कानाला सापडणे कठीण. पण झाकण उघडणाऱ्याचे मन त्यावर बसत नाही, कारण तो जुना, स्वस्त आणि दिसायला किरकोळ. त्याला सोनेरी मुलाम्याचे सॉकेट हवे असतात, मुठीएवढे कपॅसिटर हवे असतात, हातात घेताच जाणवणारे वजन हवे असते. २०११ साली ओ-टू नावाचा हेडफोन अ‍ॅम्प खुल्या आराखड्यासह आला, म्हणजे ज्याला हवा त्याने बनवावा. आत नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि चार साध्या चिपा, दागिना एकही नाही. मोजणीत मात्र त्याने कित्येक पट महाग यंत्रांशी बरोबरी केली. आतली श्रीमंती पाहून आवाजाचा अंदाज बांधणारे इथे सपशेल आपटतात.

म्हणून झाकण उघडणे व्यर्थ ठरत नाही. आतल्या काही गोष्टी गणिताने थेट कानापर्यंत पोचतात, आणि त्यात पहिला मान आउटपुटच्या रोधाचा. शॉर्ट झाला तर चिप जळू नये म्हणून बनवणारा तिच्यापुढे एक रेझिस्टर टाकतो. समजा तो १० ओहमचा आहे. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एखादा हेडफोन बहुतेक पट्टीत १६ ओहमचा असतो आणि खर्जात एका जागी ६० वर चढतो. अशा हेडफोनला १० ओहमचा अ‍ॅम्प जोडला की १६ ओहमच्या जागी आवाज ४.२ डेसिबल खाली बसतो आणि ६० च्या जागी १.३ डेसिबलच. खर्ज जवळपास ३ डेसिबलने फुगला. रेझिस्टर १ ओहमचा असता तर हाच फरक ०.४ डेसिबलवर आला असता. ऐकणारा खुशीत सांगतो की या अ‍ॅम्पचा बेस भरदार आहे, आणि त्याचे ऐकणे खरेच असते. फक्त त्या भरदारपणाचे श्रेय काही पैशांच्या एका रेझिस्टरचे. म्हणूनच अ‍ॅम्पचा रोध हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ठोकताळा या धंद्यात वापरतात.

कानाने मीटरला हरवल्याचीही नोंद आहे. १९६०च्या दशकात व्हॅक्यूम ट्यूब मागे पडून ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प आले. माहितीपत्रकात त्यांचे डिस्टॉर्शन नगण्य होते, पण ऐकणाऱ्यांना ते कर्कश वाटत. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. पहिल्याने काम सोडले आणि दुसऱ्याने अजून उचलले नाही, त्या क्षणी लहरीला खाच पडते. मोजणी पूर्ण ताकदीवर होत असे आणि त्या प्रचंड लहरीपुढे खाच टक्क्यात नावाला उरे. घरात कोणी पूर्ण ताकदीवर ऐकत नाही. आवाज लहान केला की खाच तेवढीच राहते आणि लहर आक्रसते, मग दोष ठळक होतो. कान बरोबर त्याच ठिकाणी बसलेला होता. पुढे मोजणारेही कमी आवाजावर मोजू लागले आणि ते भांडण मिटले. मीटर चुकला नव्हता, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

ऐकण्याचा हा अधिकार कारखान्याच्या पट्ट्यात कोणी नाकारणार नाही. चिंचवडला बेअरिंगचे कारखाने दशकानुदशके चालू आहेत, आणि बेअरिंग बिघडले की ते सगळ्यात आधी आवाजातून बोलते. मुरलेला फिटर चालत्या मोटरच्या हाउसिंगवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि शेजारी पॉवर प्रेस दणादण आदळत असतानाही डोके किंचित कलते ठेवून सांगतो: आतल्या रिंगला खड्डा आहे, ग्रीस टाकून भागणार नाही. बेअरिंगच्या तपासणीत हेच काम यंत्र करते. कंप तीन पट्ट्यांत मोजतात, ५० ते ३०० हर्ट्झ, ३०० ते १८०० आणि १८०० ते १०,०००. खरखर कुठल्या पट्टीत वाढली यावरून दोष कुठे असावा याचा माग लागतो. तरी फिटरच्या कानाला मान आहे, आणि त्याचे कारण जादू नाही. त्याने बाद ठरवलेले बेअरिंग त्याच दुपारी पुलरने ओढून काढले जाते, रिंग उघडी होते आणि खड्डा आहे की नाही हे सगळ्यांदेखत दिसते. चुकला तर पुढच्या वेळी कान सुधारतो. अ‍ॅम्प ऐकणाऱ्याच्या वाट्याला हे कधी येत नाही. त्याने आवाजात ‘मखमल’ आहे म्हटले, तर ती खोटी ठरवणारी रिंग कोणी उघडून दाखवत नाही. वीस वर्षे ऐकूनही तो कान तपासलेला राहत नाही, नुसता आत्मविश्वास वाढतो.

वाहनांचे सुटे भाग पुरवणारा प्रत्येक कारखाना मालाआधी गेज तपासतो. रीत ठरलेली आहे. दहा नग घ्यायचे, त्यांचे नंबर झाकायचे, क्रम पिसायचा आणि तीन तपासनिसांनी प्रत्येक नग दोन-तीनदा मोजायचा. तोच माणूस तोच नग मोजताना किती घसरतो आणि माणूस बदलला की किती, याचा हिशेब निघतो. घोळ एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगले, ३० टक्क्यांच्या वर गेला तर गेज बाद. मायक्रोमीटर कितीही नामांकित असो, ही परीक्षा चुकत नाही. हेडफोन ऐकणारा कान मात्र या परीक्षेला बसवण्याची कोणाला गरज वाटत नाही. त्याचा मालकच त्याचे सर्टिफिकेट लिहितो.

मोटारींची इन्फोटेनमेंट आणि ध्वनी उपकरणे बनवणाऱ्या हरमन कंपनीचा कारखाना चाकणमध्ये आहे. याच कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने कानाची परीक्षा कसून घेतली. १९९४ साली तिथल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी कंपनीच्याच ४० माणसांना चार लाउडस्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, महाग स्पीकरांना भरघोस गुण पडले. पडद्याआड गुणांतले अंतर आटले. आणखी एक गोष्ट त्याहून बोलकी. पडद्याआड स्पीकरची जागा किंवा गाणे बदलले तर ऐकणाऱ्यांचे मत बदलत होते, म्हणजे कान काम करत होता. दिसत असताना जागा बदलली तरी मत फारसे हलत नव्हते. डोळ्यांनी निकाल आधीच देऊन टाकला होता. हे प्रयोग स्पीकरवरचे, जिथे फरक मोठे असतात. दोन धडधाकट अ‍ॅम्पमधला फरक त्यापुढे फारच बारीक.

घरी परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही अ‍ॅम्पना एकच हेडफोन जोडून, शुद्ध स्वर वाजवून, जॅकवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने जुळवतात. जुळणी ०.१ डेसिबलच्या आत हवी, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. हे न करता ऐकणे फुकट, कारण किंचित मोठा आवाज प्रत्येकाला ‘जास्त स्वच्छ’ वाटतो. मग दुसरा माणूस नाणे उडवून अ‍ॅम्प निवडतो आणि ऐकणारा ओळखतो. १६ पैकी १२ वेळा बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसे होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली येते. भोसरीत शेडला लागून राहणाऱ्यांनी हे गुरुवारी करावे. पट्ट्याची साप्ताहिक सुटी असते, प्रेस आणि वेल्डिंगची यंत्रे थांबलेली असतात. मात्र अ‍ॅम्पमधला वीजपुरवठ्याचा भाग कच्चा असेल तर त्याची गुणगुण पकडायला हेच ऐकणे शुक्रवारी, यंत्रे पुन्हा सुरू झाल्यावर, करावे लागते.

एवढे करूनही काही गोष्टी कानाच्या हाती लागत नाहीत, कारण त्या अजून घडलेल्याच नसतात. आउटपुटला डीसी गळती असेल तर हेडफोनची कॉइल सरकून बसते आणि हळूहळू तापते, त्याचा सूर ऐकू येत नाही. चालू करताना बसणारा धक्का अडवायला रिले आहे की नाही, जॅक पॅनेलला नटने आवळला आहे की सगळा भार सोल्डरच्या चार ठिपक्यांवर आहे, हे झाकण काढल्याशिवाय कळत नाही. तापमान दर १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. २००० तासांचा, ८५ अंशांचा कपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर ८००० तास टिकतो. १०५ अंशांचा असेल तर ३२,००० तास. रोज चार तास ऐकणाऱ्याच्या हिशेबाने हा साडेपाच वर्षे आणि बावीस वर्षे यांतला फरक आहे, आणि तो कपॅसिटरच्या कवचावर बारीक अक्षरात छापलेला असतो.