लंबोदर आणि सायकल

भाद्रपदात ज्याच्या पोटापुढे हात जोडावयाचे, त्याच आकाराचे पोट एखाद्या मर्त्य मानवाने धारण केले की त्याला मात्र हसावयाचे, हा आपल्या समाजाचा जुना शिष्टाचार आहे. लंबोदर हे नाव देवाला शोभते, माणसाला नाही. मंडपात भेटलेली वडीलधारी मावशी 'बरा आहेस ना?' असे विचारण्यापूर्वी 'केवढा सुटलास रे!' असे म्हणते, आणि पुढल्याच क्षणी ताटात तिसरा मोदक वाढते. यात दुष्टपणा मुळीच नसतो. किंबहुना ती मायेचीच एक रीत असते. परंतु ज्याच्यावर ही माया होते तो त्यानंतर दिवसभर पोट आत ओढून उभा असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

कात्र बोर्न येथील एक गृहस्थ अशा पोट आत ओढून उभे राहणाऱ्यांपैकी होते. वय ४८, वजन ११२ किलो, कचेरीतील काम बैठे. रक्तातील साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्यांना फारसे नवल वाटले नाही. भय मात्र वाटले, कारण त्यांच्या वडिलांनी याच व्याधीपायी आयुष्याची अखेरची सहा वर्षे अंधत्वात काढली होती. आपल्या वंशाच्या शरीराला हा धोका लवकर गाठतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली, उंची आणि वजन यांच्या प्रमाणाचा जो निर्देशांक काढतात, त्यातील २५ आणि ३० या रेषा कायम ठेवून आशियाई लोकांपुरत्या २३ आणि २७.५ याही सावधगिरीच्या रेषा धराव्यात असे सुचविले. गृहस्थांना रेषा कोठेही ओढली तरी सारखेच होते. ते तिच्या पलीकडे केव्हाच गेले होते. गुडघ्यांमुळे धावणे अशक्य, पोहावयाचे तर कपडे उतरविणे आले! उरली सायकल. मेहुण्याची एक जुनी सायकल दुरुस्त होऊन घरी आली.

ते पहाटे साडेचारला, काळोखात, घराबाहेर पडू लागले. थंडीमुळे नव्हे की उन्हामुळे नव्हे. कोणी पाहू नये म्हणून. अंगात कचेरीची जुनी पाटलोण आणि वर सैल सदरा. पाटलोणीची शिवण खोगिरावर घासून मांड्या सोलवटल्या, पायघोळ दोनदा साखळीत अडकला, आणि सदऱ्यात वारा भरून त्याचे शीड झाले. तिसऱ्या रविवारी सायकल गॅरेजात गेली आणि तिच्यावर पलंगाची एक चादर पडली. घरात त्यांनी गुडघा दुखतो असे सांगितले. लाज ही अशी चतुर असते. ती स्वतःच्या नावाने कधी रजेचा अर्ज करीत नाही.

ही चादर उचलली ती त्यांच्या भाचीने. ती स्वतः सायकल चालविणारी. 'मामा, तुम्ही कोठे जाड आहात?' असे ती म्हणाली नाही, आणि हे तिने फार चांगले केले. असले सांत्वन जाड माणसाने आरशासमोर कधीच खोटे ठरविलेले असते. तिने चादर बाजूला केली, खोगिराकडे पाहिले आणि विचारले, "मामा, घासले ना?" लाजेचा विषय असा एकदम कातडीचा विषय झाला आणि गृहस्थ मोकळेपणाने बोलू लागले.

सायकलस्वाराची ती तंग, काळी विजार पाहून ज्यांना संकोच वाटतो त्यांनी ती उलटी करून पाहावी. आतील बाजूस बैठकीच्या जागी एक जाड, मऊ गादी शिवलेली असते. पूर्वी ती कमावलेल्या मऊ कातड्याची असे. आज ती कृत्रिम धाग्यांची असते. तिच्याखाली दुसरे अंतर्वस्त्र घालावयाचे नसते, कारण त्याची शिवणच कातडीला काचते. कापड अंगाला चिकटून असते ते अंग दाखविण्यासाठी नव्हे, तर कापड आणि कातडी यांच्यात घर्षण होऊ नये म्हणून. १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो ताणला जाणारा धागा सिद्ध केला. त्यापूर्वी सायकलपटू लोकरीची विजार घालीत व ती भिजली की लोंबू लागे. जर्सीची पाठ लांब असते ती वाकल्यावर कंबर उघडी पडू नये म्हणून, आणि खिसे मागे असतात ते मांड्यांना अडथळा होऊ नये म्हणून. खांद्यावर पट्टे असलेली विजार तर स्थूल माणसासाठीच निर्मिली असावी असे वाटते. तिला पोटावर रुतणारा कंबरपट्टाच नसतो. गवंड्याची थापी किंवा शिंप्याचे अंगुस्तान जसे अवजार, तसाच हा पोशाख. ज्याचा भार अधिक त्याचे घर्षण अधिक, आणि म्हणून त्याला या अवजाराची गरजही अधिक. आश्चर्य हे की ज्यांना ते सर्वांत कमी लागते अशा सडपातळ तरुणांपुरतेच ते आहे असा समज रूढ झाला आहे.

या समजाला दुकानेही हातभार लावतात. गृहस्थ भाचीबरोबर दुकानात गेले तेव्हा सर्वांत मोठ्या मापाची जर्सी त्यांच्या पोटावर येऊन थांबली. तेथील आरसा लांबरुंद होता. ते काही न बोलता बाहेर आले. वस्तुतः काही युरोपीय कंपन्यांचे माप शर्यतपटूच्या अंगावरच बेतलेले असते. चूक कापडाची असते, पोटाची नव्हे. दोन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी योग्य माप मिळाले. गृहस्थांनी सर्व काही काळे घेतले. काळ्या रंगात माणूस बारीक दिसतो आणि, मुख्य म्हणजे, दिसतच नाही.

येथे इंग्लंडमधील एक जुनी हकीकत आठवते. १८९५ च्या सुमारास तेथे रस्त्यावरील शर्यतींवर पोलिसांची नजर असे. तेव्हा शर्यतपटू पहाटे एकेकटे सुटत आणि कोणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून अंगभर काळे कपडे घालीत. त्याच देशात १८९८ साली लेडी हार्बर्टन या प्रतिष्ठित बाई सायकलीसाठी सोयीची रुंद विजार घालून सरे परगण्यातील एका उपाहारगृहात गेल्या असता त्यांना मुख्य दालनात बसू दिले नाही. प्रकरण कोर्टात गेले आणि पुढल्या वर्षी निकाल उपाहारगृहाच्या बाजूने लागला. सायकलस्वाराच्या कपड्यांकडे वाकडे पाहणे हे असे जुनेच आहे, आणि त्या बाईंचे वजन कोणी विचारले नव्हते.

परंतु पोलिसांपासून लपणे निराळे आणि मोटारीपासून लपणे निराळे. उसाच्या दोन भिंतींमधून जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात काळा पोशाख घालून जाणारा माणूस स्वतःच्या लाजेला जपतो आणि जीव धोक्यात घालतो. भाचीने हे स्पष्ट सांगितले, आणि पिवळी जर्सी सुचविली. २०२५ साल होते. मॉरिशसच्या किम ल कूर हिने त्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील लिएज–बास्तोन–लिएज ही शर्यत जिंकली होती आणि पुढे महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी अंगावर चढविली होती. "तिला पिवळा शोभतो," गृहस्थ म्हणाले, "मी घातला तर पिकलेला फणस दिसेन." यावर भाचीचे उत्तर असे की, "दिसा ना, मामा. फणसाला कोणी मोटार धडकवीत नाही." अखेर काळ्यावर घालावयाचे भडक नारिंगी जाकीट ठरले.

मोदक खाऊन मूषकावरून निघालेले गणराय वाटेत पडले आणि चंद्र हसला, ही कथा या बेटावरील प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. शाप कोणाला मिळाला? पडणाऱ्याला नव्हे. तरीही चतुर्थीला चंद्राकडे न पाहणारी मंडळी वर्षभर त्या चंद्राचेच काम इमानाने करीत असतात.

पहिली फेरी कास्काव्हेलपासून फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यापर्यंत झाली, सकाळी साडेसहाला, लख्ख उजेडात. सपाट रस्त्यावर वजनाचा अडथळा फार नसतो, तेथे मुख्य झुंज वाऱ्याशी असते. वजन आपला कर वसूल करते ते चढावर. परतीच्या चढावर तो पुरेपूर वसूल झाला. बसथांब्यावरील एक पोरगा ओरडला, "आले, तोंतों!" 'चला, काका' असा त्याचा अर्थ, पण तो चिडविण्यासाठी की उत्साहासाठी हे गृहस्थांना ठरविता आले नाही. मान वर करून पाहण्याइतका श्वास उरला नव्हता. त्यांनी सर्वांत हलका गिअर टाकला आणि पाय मारीत राहिले.

त्या गादीच्या विजारी प्रत्येक फेरीनंतर धुवाव्या लागतात, आणि त्यांना ऊन लागते. आरंभी त्या न्हाणीघरात, दाराआड वाळत. आता त्या अंगणातील दोरीवर असतात. शेजारणीने कुंपणावरून 'हे काय हो?' असे विचारले तेव्हा गृहस्थांच्या पत्नीने चिमटे लावता लावताच उत्तर दिले, "ह्यांची आहे. रविवारची."